किल्लीचा सातवा दात

गुळगुळीत झालेल्या जात्यांना टाकी लावून देणारी बाई म्हणून ठोकेबाईंना अख्खी गल्ली ओळखत होती. त्यांचा दुसरा उद्योग मात्र पाचच जणांना ठाऊक होता. ठोकेबाई मेलेल्या माणसांना उठवत.

ते पाच जण स्वतःला आपसांत नुसतं ‘मंडळी’ म्हणत. म्होरकी होती सुईण. ती मंत्र पुटपुटे, धोबी दारावर पहारा देई, पण माणूस उठे तो ठोकेबाईंच्या बोटांनी. हयातभर ज्या तालात माणूस काम करतो, तो ताल मेल्यावरही तीन दिवस त्याच्या हाडांत उरतो. तो लाकडावर हुबेहूब वाजवला, की अर्धवट राहिलेलं काम पुरं करायला माणूस उठून बसतो. त्याच्याशी कामाखेरीज अवाक्षर बोलायचं नाही. आणि काम पसंत पडलं म्हणून सांगितलं, की तो निमूट परत जातो. हे सगळं भर दुपारी चाले, कारण तेव्हा गल्लीतल्या कारागिरांच्या ठोकाठोकीत आणखी एक ठोका कुणाच्या ध्यानात येत नसे. कळलं असतं, तर कायद्याने सगळ्यांची बोटं छाटली असती.

आज मागच्या खोलीत, कामाच्या लांब टेबलावर, ठोकेबाईंचा नवराच निजला होता.

तो कुलपं बनवायचा. गल्लीच्या हौदाचं कुलूप त्यानेच चाळीस वर्षांपूर्वी केलेलं. त्याची किल्ली मोडली आणि हौद बंद पडला. नवी किल्ली तो आठवणीवरून कापत होता. सातांपैकी पाच दात झाले, सहावा अर्ध्यावर आला, आणि कानस हातात असतानाच तो गेला. आता तिसरा दिवस होता. घरोघरचे रांजण तळाला लागले होते आणि हौदाचं लोखंडी दार फोडायला कुणी धजत नव्हतं, कारण भिंतच फुटली असती.

ठोकेबाईंनी बोटं टेबलावर ठेवली. हा ताल तर त्यांना झोपेतही आला असता. चार घासे लांब, दोन आखूड, एक फुंकर. त्यांनी वाजवला. काही झालं नाही. पुन्हा वाजवला. सुईणीने मंत्र तीनदा म्हटला, पण नवरा तसाच गार.

“चुकतंय कुठेतरी,” सुईण म्हणाली.

ठोकेबाईंना ते झोंबलं. जगाचे ताल अचूक धरणारी बाई, आणि स्वतःच्या नवऱ्याचा चुकेल?

तेवढ्यात कोपऱ्यातून सून पुढे आली. मंडळीत ती सगळ्यांत नवी, आणि सासूच्या मते सगळ्यांत नाकर्ती. तिला पाणी तरी धड ओतता येतं का, असं ठोकेबाई येता-जाता म्हणत.

“आई, तुम्ही वाजवताय ते तरुणपणीचं,” ती हळूच म्हणाली. “मी चहा घेऊन जायचे ना, तेव्हा बाबा तीनच घासे मारायचे. मग अंगठा दुखायचा म्हणून थांबायचे. मग एकच आखूड, आणि फुंकर मारता मारता खोकला.”

त्याचा अंगठा दुखतो हे ठोकेबाईंना माहीत होतं. पण त्यांच्या कानांनी त्याला कधी म्हातारं होऊच दिलं नव्हतं.

“वाजव तू,” त्या म्हणाल्या.

सुनेने वाजवलं. तीन घासे. थांबा. एक आखूड. फुंकर, आणि घशातल्या घशात खोकला.

बाहेरची ठोकाठोक चालूच होती, पण खोलीतून ती जणू कुणी उचलून नेली. टेबलावरचा लोखंडाचा कीस उभा राहिला, कणन् कण, वारा नसताना झुलणाऱ्या गवतासारखा. धोब्याने पहारा सोडून दाराला पाठ टेकली. आणि नवरा उठून बसला, डुलकी लागलेला माणूस ओशाळून उठतो तसा. त्याने कुणाकडे पाहिलं नाही. कानस चाचपली, किल्ली उजेडाला धरली आणि घासू लागला. सहावा दात झाला. सातवा झाला.

त्याने किल्ली पुढे केली. “बघ.”

पसंत म्हटलं की संपलं. ठोकेबाईंनी किल्ली उलटीसुलटी केली. “सातवा जरा जाड वाटतोय,” त्या म्हणाल्या.

“चाळीस वर्षांत एक तरी कुलूप तुला धड वाटलंय का?” तो कुरकुरला, पण किल्ली घेतली आणि पुन्हा घासू लागला. तीन घासे. थांबा. या वेळी त्यांनी कान देऊन ऐकलं. तो थांबा केवढा लांब होता.

सुईणीने डोळ्यांनी दटावलं. दात आणखी झिजला असता, तर किल्ली वाया गेली असती. रांजण रिकामे होते.

ठोकेबाईंनी हात पुढे केला. “अहो, द्या. झकास झालीये. पसंत आहे मला.”

त्याने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. हे त्याने पहिल्यांदाच ऐकलं होतं. मग कानस नेहमीच्या जागी ठेवून तो आडवा झाला, आणि टेबलावरचा कीस अलगद खाली बसला.

किल्ली अजून कोमट होती. ठोकेबाईंनी ती सुनेच्या हातात दिली आणि म्हणाल्या, “जा, हौद तूच उघड.”