दोन वेण्या

फाटकापाशी माझी मीरा शाळेच्या रिक्षाची वाट बघत उभी होती. शेजारच्या शैलाताई तिच्या मागे वाकल्या, रिबिनी दातांत धरल्या आणि मी अर्धा तास खपून घातलेल्या दोन्ही वेण्या त्यांनी सोडल्या. रिक्षा वळणावर दिसेपर्यंत नव्या घालूनही झाल्या. मीरा मान किंचित मागे टाकून उभी होती, रोजची सवय असल्यासारखी.

मी गॅलरीत होते. हातात कंगवा तसाच.

तीन पेड. उजवा मधल्यावरून, मग डावा मधल्यावरून. मला पाठ आहे, पण बोटांना कोण सांगणार? पस्तिसाव्या वर्षी डॉक्टरांनी याला नाव दिलं, डिस्प्रॅक्सिया. म्हणाले, बुद्धीत काही कमी नाही, हालचाली जुळवणं मेंदूला जड जातं. तोवर मी नुसतीच वेंधळी होते. नाव मिळालं म्हणून काही चहा कपातच पडत नाही. बटणं, कुलूप, पोळी, सगळ्यांशी रोज पहिल्यापासून झटापट. या हातांनी आई व्हायलाच नको होतं, असं हल्ली वाटतं, आणि हे बोलायचं कुणाजवळ?

संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली म्हणून मी दार किलकिलं केलं. मीरा खालच्या पायरीवर थांबली होती. तिनं एक रिबीन ओढून सैल केली, दुसऱ्या वेणीचे केस बोटांनी विस्कटले. सकाळी मी घातल्या होत्या तशाच दोन्ही वाकड्या झाल्यावर ती वर आली.

"आई, बघ," ती म्हणाली, "तुझ्या वेण्या दिवसभर टिकल्या."