बाबांना न सांगितलेलं निदान

‘मॅलिग्नंट’ हा शब्द डॉक्टरांनी उच्चारला तेव्हा बाबा माझ्याकडे बघत होते. मॅलिग्नंट म्हणजे कर्करोगाची, पसरू शकणारी गाठ. ती मोठ्या आतड्यात होती. डॉक्टर दोन-तीन मिनिटं इंग्रजीत शांतपणे बोलले आणि मला म्हणाले, “आता हे त्यांना मराठीत सांगा.”

मी सांगितलं, “बाबा, आतड्याला सूज आहे. छोटं ऑपरेशन करावं लागेल.”

तेव्हा मी मिशिगनमध्ये, नोव्हायला, मोटारींचे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. बाबा नगर जिल्ह्यातल्या मिशन दवाखान्यात ड्रेसर होते, जखमा धुऊन पट्ट्या बांधायचे. आई गेल्यावर मी त्यांना इकडे आणलं.

शौचातून रक्त जात होतं, ते त्यांनी महिनाभर लपवलं. पाणी बदललं म्हणून असेल, असं त्यांना वाटलं. मग कोलोनोस्कोपी झाली, म्हणजे नळीला लावलेल्या कॅमेऱ्याने आतड्याची तपासणी. गाठीचा तुकडा काढून बायोप्सीला पाठवला. निकालासाठी पाच दिवस थांबलो. निकालाच्या दिवशी वेटिंग रूममध्ये बाबा समोरच्या माणसाच्या हाताची पट्टी बघून पुटपुटले, “ढिली बांधलीय.”

मी खोटं का बोललो? बायबलमधल्या दहा आज्ञा मी चर्चच्या संडेस्कूलमध्ये पाठ केल्या होत्या. आईबापांचा मान राखण्याची आज्ञा आणि ती पाळणाऱ्याला दिलेलं दीर्घायुष्याचं वचन मला फार आवडायचं. मान राखायचा म्हणजे त्यांना दुःख कळू द्यायचं नाही, असं मी धरून चाललो होतो. आमच्याकडे रिपोर्ट थोरल्या मुलाच्या हातात देतात आणि तो घडी घालून खिशात ठेवतो. मीही तेच केलं.

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी डॉक्टरांनी कन्सेंट फॉर्म, म्हणजे रुग्णाचं संमतिपत्र, बाबांसमोर ठेवला. मला म्हणाले, “सही त्यांची लागेल. आणि आपल्याला काय झालंय हे त्यांना ठाऊक नसेल, तर मी ऑपरेशन करणार नाही.”

मी बाबांकडे वळलो. बाबाच म्हणाले, “त्या दिवशी डॉक्टर एवढे बोलले आणि तू दोन वाक्यांत आटपलंस. कॅन्सर ना?”

मी होकारार्थी मान हलवली.

“पेशंटला सूज सांगून व्हरांड्यात रडणारी पोरं मी जन्मभर पाहिलीत. तुझ्या आईलाही मी असंच सांगितलं. तिला जालन्याला बहिणीकडे जायचं होतं. म्हटलं, बरी झालीस की जा. ते राहूनच गेलं. मला तसं नको.”

मी डॉक्टरांना माझं खोटं सांगितलं. ते रागावले नाहीत. खुर्ची बाबांसमोर ओढून त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी मी एकेक वाक्य जसंच्या तसं मराठीत आणलं. बाबांनी तीन प्रश्न विचारले. पसरलाय का? कापलं नाही तर किती दिवस? घरी, गावाला, कधी जाता येईल? तिसरा प्रश्न मी कधीच विचारला नसता. मग त्यांनी मराठीत सही केली.

गाठ निघाली. पण दोन लिंफ नोडमध्ये, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या छोट्या गाठींमध्ये, कर्करोग पोचला होता. केमोथेरपी, म्हणजे सलाइनमधून द्यायचं औषध, सहा महिने लागणार होती. ती इथेच घ्या, म्हणून मी दोन दिवस वाद घातला. बाबांनी ठरवलं होतं: जखम भरली की गावी, उपचार पुण्याला माझ्या बहिणीकडे राहून. त्याआधी जालन्याला जाऊन मावशीची माफी मागायची. मी तिकीट काढलं. माझ्यासाठी ऑपरेशनपेक्षा ते अवघड होतं.

तुमच्यावर ही वेळ आली तर डॉक्टर बोलतील तेवढं सगळं सांगा. सांगताना रडू आलं तर रडा, पण वाक्य पूर्ण करा.

बाबा त्यानंतर चार वर्षं होते. शेवटच्या महिन्यात, “आता ये,” असा त्यांनी स्वतः फोन केला आणि मी गेलो. वचनातलं दीर्घायुष्य माझ्या वाट्याला येईल की नाही, देव जाणे. बाबा उरलेले दिवस स्वतः ठरवून जगले आणि त्यांतला एक महिना त्यांनी मला दिला, याबद्दल मी रोज त्याचे आभार मानतो.