शंभर दाण्यांची उगवण

जळकोटात बियाण्यांचं दुकान चालवूनही पिशवीवर छापलेल्या एकाही अक्षरावर विश्वास न ठेवणारा माणूस मराठवाड्यात एकच असावा, आणि तो माझ्या मावशीचा नवरा आहे. आम्ही त्यांना अप्पा म्हणतो. सोयाबीनची नवी पिशवी आली की कपाळाला विभूती लावून ते तिच्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळतात आणि आठवड्यानं किती उगवले ते मोजतात. सत्तरच्या खाली आले तर पिशवी परत. मोजणी स्वतःची, मुलानं केली तर पुन्हा करतात. ही सवय बियाण्यापुरती राहिली नाही. मुलीला नांदेडचं स्थळ आलं तेव्हा पाहुण्यांसमोरच त्यांनी विचारलं, "पोरगा चांगला म्हणता, पण उगवण काढली का त्याची?" स्थळ मोडलं. निवडणुकीतला उमेदवार हात जोडत दुकानात आला, त्याला म्हणाले, "आठ दिवस गोणपाटात बसा, मग बोलू."

अशा माणसानं आयुष्यात एकच गोष्ट न तपासता खरी मानली, आणि ती मी लिहिलेली होती. मी लातूरला वर्तमानपत्रात आहे. मावशीच्या स्तनातली गाठ लातूरलाच काढली. आता रोग दुसरीकडे पसरू नये एवढंच पाहायचं, असं डॉक्टर म्हणाले. त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर बातमी आली: स्तनाचा कर्करोग शरीरात पसरू न देणारी काही जनुकं असतात, ती बंद पडली की रोग पसरतो, ती पुन्हा जागी करण्याचे प्रयत्न सुरू आहेत. मी मथळा दिला, 'कर्करोगाला जागीच रोखणारी जनुके'. जागा कमी होती, म्हणून शेवटच्या दोन ओळी कापल्या. हे प्रयोग अजून उंदरांवरच आहेत, असं त्यांत होतं.

अप्पांनी कात्रण विभूतीच्या डबीत ठेवलं. गिऱ्हाइकांना सांगत, "आपल्या अंगातच राखणदार हाय. झोपलाय, उठवायचाय फक्त." आतून मावशी म्हणायची, "तुम्हाला उठवता उठवता माझी हयात गेली, आता त्याला कोण उठविणार?"

सहा महिन्यांनी रोग हाडांत आणि यकृतात निघाला. मी जळकोटला जाऊन कापलेल्या ओळींचं सांगितलं. अप्पांनी डबीतलं कात्रण काढून विभूती झटकली.

"कापल्यास ते बरं केलंस. वाचल्या असत्या तर सहा महिने झोप लागली नसती."

"अप्पा, चूक माझी आहे."

"न्हाई. उगवण मी काढायला पायजे व्हती."

यंदा पेरणीआधी त्यांनी गोणपाट मावशीच्या बाजेवर उलगडलं आणि म्हणाले, "तू मोज." असं ते कुणाला पहिल्यांदाच म्हणत होते. मावशीनं थकलेलं बोट फिरवत, मध्ये थांबत मोजलं. "ब्याण्णव." मी शेजारीच उभा होतो, पन्नाससुद्धा उगवले नव्हते. अप्पांनी पुन्हा मोजलं नाही. खडूनं पिशवीवर ब्याण्णव लिहिलं.

ती पिशवी विकायला गेली नाही. मावशीच्या बाजेखाली आहे.