डोळे बांधून काढलेली रजा

हिझामला सैन्यात जायचंच नव्हतं. बाजारात ढोल वाजवत प्रजासत्ताकाची माणसं आली, सहा महिन्यांत गादीवरच्या इमामाला हाकलतो, मग घरी जा म्हणाली, आणि हा भोळा सांब त्यांच्या ट्रकमध्ये चढला. त्याला आता चौथं वर्ष. इमामाची माणसं त्या डोंगरावर, हा या डोंगरावर, मध्ये एक खोरं. सकाळी दोन्हीकडून गोळ्या, दुपारी दोन्हीकडे गालात कात नावाच्या झाडाची नशेची पानं धरून सगळे गप्प. असल्या लढाईला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.

अशात चौकीवर मीठ विकायला येणाऱ्यानं निरोप आणला. "तुझ्या आईनं अन्न सोडलंय. जायचं तर आत्ताच जा."

घर खोऱ्याच्या पलीकडे, दिवसभराच्या वाटेवर. खोरं इमामाच्या बाजूच्या टोळीचं. पण आमच्या डोंगरात याची सोय आहे. त्या टोळीतला एक माणूस सोबतीला घेतला की शत्रूलाही कुणी हात लावत नाही. लावला तर अख्ख्या टोळीचं तोंड काळं. आणि सोबत मिळालेल्यानं तिथलं काही बाहेर सांगायचं नाही. शेंबड्या पोराला कळतं हे. कळत नव्हतं ते कप्तान शरफला. शहरात कवायत शिकून आला होता ना.

"रजा देतो," कप्तान म्हणाला. "पण जाताना त्यांच्या बंदुका कुठे आहेत ते बघ. आल्यावर कुराणावर हात ठेवून सांगायचं."

"साहेब, मी त्यांच्या सोबतीनं जाणार. असं केलं तर…"

"तुमच्या त्या रीती घाला चुलीत. बघणार नसशील तर रजा नाही."

हिझाम हो म्हणून चरफडत बाहेर आला. सांगितलं तर बेइमानी, लपवलं तर कुराणावर खोटं. आणि तिकडे आई वाट बघतेय. डोक्याचा नुसता भुगा झाला.

सकाळी मीठवाल्याच्या सांगण्यावरून खोऱ्यातल्या टोळीचा म्हातारा मुसइद त्याला न्यायला उताराशी आला. मेंदीनं लाल केलेली दाढी, जिभेला धार. हिझामनं त्याला सगळं सांगितलं, डोक्याचा फेटा सोडला आणि डोळ्यांवर घट्ट बांधला.

"हे काय?"

"न बघितलेलं सांगावं लागत नाही, काका. हात धरा."

"अरे, ही वाट कड्यावरून जाते. उघड्या डोळ्यांनी बकऱ्या पडतात इथे!"

"म्हणून तर म्हणतो, हात धरा."

झालं. जिथे झपाझप चालायचं तिथे हा एकेक पाऊल चाचपत टाकतोय आणि म्हातारा त्याला ओढतोय. विहिरीवरच्या बायका तर हसून हसून बेजार झाल्या. एक म्हणाली, "मुसइदकाका, आंधळा जावई कुठून धरून आणलात?"

"नशिबानं दिलाय," मुसइद ओरडला. दुपारी त्यानं हिझामला घरी जेवायला बसवलं, घास हातात दिला, तेव्हाही याची पट्टी डोळ्यांवरच. आता मात्र म्हातारा वैतागला. "सोड ते. मी परवानगी देतो. बघ काय बघायचं ते, पण पाय उचल. आई तिकडे शेवटच्या घटका मोजतेय तुझी."

हिझामनं पट्टी आणखी आवळली. "तुमच्या परवानगीनं बघितलेलंही कप्तानाला सांगावं लागेल, काका. आणि तो याच घरावर तोफ डागेल."

मुसइदनं कपाळावर हात मारला.

अंधार पडला तेव्हा ते जेमतेम खोऱ्याच्या टोकाला होते. कड्यावरून पुढे जाणं शक्य नव्हतं, तिथेच मुक्काम पडला. सकाळी टोळीची हद्द संपली, हिझामनं पट्टी सोडली आणि तो पळत सुटला. मुसइद धापा टाकत मागून आला.

दारात बहीण उभी होती, नूरिया. हातांना ओली माती.

"आत्ताच दफन करून आलो," ती म्हणाली. "रात्रभर विचारत होती, हिझाम आला का. काल निघालास म्हणे, मग होतास कुठे?"

त्यानं सांगितलं.

"डोळे बांधून? अरे, सगळ्या जगाची अब्रू सांभाळायला तूच एक उरला होतास?" मग ती मुसइदवर उखडली. "आणि तुम्ही! एवढे पिकलात, फेटा हिसकावता आला नाही?"

"हिसकावायला हवा होता, पोरी," मुसइद म्हणाला.

तीन दिवसांचा शोक करून हिझाम परत निघाला. खोरं लागलं तशी त्यानं पुन्हा पट्टी बांधली. या खेपेला मुसइदनं न सांगताच हात धरला.

चौकीवर कप्ताननं कुराण पुढे केलं. "बोल, काय पाहिलंस?"

"काही नाही, साहेब. डोळे बांधले होते."

कप्तान खवळला. नालायक म्हणाला, युद्ध संपेपर्यंत रजा बंद म्हणाला. बोलून बोलून दमला, तेव्हा त्याला एकदम आठवलं.

"आणि आई?"

"तीसुद्धा नाही पाहिली," हिझाम म्हणाला.