अभ्यासाने धरलेली मान

नगरला कॉलेजात शिकणारा आमच्या घरातला मी पहिला. त्यामुळे तिसगावजवळच्या आमच्या वस्तीवर माझ्या दुखण्याचंही कौतुक होतं.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा माझी मान उजवीकडे वळतच नव्हती. कुणी हाक मारली की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसारखा मी सगळाच्या सगळा वळायचो. आईने विचारलं, "कशानं रं?" होस्टेलच्या खाटेवर, उशीला डोकं टेकून, हनुवटी छातीला लावून मी तासन्‌तास रील बघतो, हे सांगवेना. म्हणालो, "अभ्यासानं."

आई ऊसतोडीला जाते. डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढते. माझ्या मानेला मात्र पावशेराचा मोबाईल झेपला नव्हता.

तिने मला चुलतीकडे नेलं. चुलती पायाळू, म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आलेले. अशा माणसाने लाथ लावली की चमक जाते, असं आमच्याकडे मानतात. मी, बीएस्सी दुसऱ्या वर्षाचा, मुकाट ओट्यावर पालथा पडलो.

"लई शिकला गं बाई," लाथ लावत चुलती म्हणाली. "पुस्तकं डोक्यावर घेऊन वाचतो का काय?"

आई हसली नाही. "धडधाकट पोराची ही गत. पोरीला न्हाई घालायची कॉलेजात."

बहीण दारातच उभी होती. नुकतीच बारावी पास झालेली, प्रवेशाचा अर्ज भरायचा राहिलेला. व्हिडिओ कॉलवर मी कायम खाटेवर लोळतानाच दिसतो, हे तिला ठाऊक होतं. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं.

मी पालथ्यानेच म्हणालो, "आई, अभ्यासानं न्हाई झालं. मोबाईलनं. पडल्या पडल्या बघत असतो."

मग चुलतीने दुसरी लाथ घातली. पहिलीपेक्षा बरीच जोरात.

"आता ही कशाची?" मी कळवळलो.

"ही चमकेची न्हाई," चुलती म्हणाली.

"आनखी एक घाल," आई म्हणाली. "माझ्याकडून."

संध्याकाळी बहिणीचा अर्ज माझ्याच मोबाईलवर भरायला घेतला. आई शेजारी बसून बजावत होती, "मान वर." मी मोबाईल डोळ्यांसमोर धरला. पाच मिनिटांत माझे दंड भरून आले. बहिणीने तो माझ्या हातातून काढून घेतला, ताठ बसली आणि स्वतःचं नाव स्वतः टाईप केलं.