गॅस पाहुण्यांसाठी

सिंधू गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. पुतण्या म्हणाला, "मोठी आई, आई गेली." मी विचारलं, "ऑक्सिजनचं मशीन चालू होतं का?" तो म्हणाला, "तू निघ." मेथी तशीच टाकली आणि धुळ्याहून नरडाण्याकडे जाणारी गाडी धरली. सिंधू माझी धाकटी जाऊ. दारात बसलेल्या बायका म्हणत होत्या, आयुष्य तेवढंच होतं. मला ते पटलं नाही. तिची फुप्फुसं चुलीच्या धुराने गेली, आणि तो धूर आम्ही सगळ्यांनी मिळून त्या घरात ठेवला होता. मी चौथी शिकलेली बाई, पण एवढं मला कळतं.

ती लग्न होऊन आली तेव्हा आम्ही दोघी एकाच चुलीवर भाकरी थापायचो. पुढे नवऱ्याच्या नोकरीमुळे मी धुळ्याला आले आणि माझी चूल सुटली. तिच्या घरी गॅस आला तो फार नंतर. टाकीला तिने हळदकुंकू लावलं, वर भरतकामाचं कापड घातलं आणि गॅस पाहुण्यांसाठी राखून ठेवला. जावई आला की चहा गॅसवर, घरच्यांचं सगळं मागच्या पडवीत, कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर, पऱ्हाट्यांवर. मी बोलले की म्हणायची, "अक्का, घरनं जळतन फुकट शे, मंग इकतनं कसाले जाळू?" घरचं सरपण फुकट, मग विकतचं कशाला, या हिशेबात एक गोम होती. टाकी भरायची ती तिच्या म्हशीच्या दुधाच्या पैशातून, असं त्या घरात ठरून गेलेलं होतं. दवाखाना मात्र पुरुषांच्या खिशातून. त्यामुळे हे दोन खर्च कुणी कधी शेजारी ठेवून पाहिलेच नाहीत. गॅस म्हणजे चैन आणि आजारपण म्हणजे नशीब. तिने दुधाचे पैसे राखायला गॅस वाचवला, आणि दिराने तीच म्हैस विकून तिला धुळ्याच्या डॉक्टरांकडे आणलं.

मी तिच्यासोबत आत गेले होते. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला आणि विचारलं, "घरात बिडी कोण ओढतं?" सिंधूला हसू आलं, हसता हसता खोकला आला. "आमना घरमा कोणीच बिडी नही वढत, डाक्टर." मग त्यांनी चुलीचं विचारलं. ती पदर सावरत उठली. बाहेर आल्यावर दीर म्हणाला, "आमची माय जन्मभर चुलीपुढेच बसली, तिला काही झालं नाही." मी म्हटलं, "तुझी माय रात्रंदिवस खोकायची, भाऊ. आपल्याला त्याची सवय झाली होती." ते त्याला लागलं. पण माझं तोंड उघडतं ते दुसऱ्याच्या चुकीवर. त्याच हिवाळ्यात मी तिच्याकडे गेले, वांगी निघाली होती, आणि सगळ्यांसमोर म्हणून बसले, गॅसवर भाजलेल्या वांग्याचं भरीत मला जात नाही. सिंधू उठली, पऱ्हाट्या मोडल्या आणि पडवीत जाळ केला. मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

पुढे घरी ऑक्सिजनचं मशीन आलं, भाड्याने. ते दिवसभर विजेवर चालायचं. तेव्हा ती मीटरकडे बघत बसायची. कुणी नाही असं पाहून मशीन बंद करायची. सून सविता भांडायची, "आई, श्वास तुमचा आहे की मीटरचा?" आणखी एक गोष्ट होती. मशीनजवळ जाळ नको, असं सांगितलेलं. ते तिने नीट पाळलं, आपल्या पद्धतीने. स्वयंपाकाच्या वेळी नाकातली नळी काढून ठेवायची, पडवीत जायची, चूल पेटवायची आणि भाकरी झाल्या की परत येऊन नळी लावायची.

शेवटची भेट झाली तेव्हा मला पाहून तिने नळी काढली आणि वांगं घेऊन पडवीकडे निघाली. मी म्हटलं, "बस खाली. वांगं गॅसवर भाज, नाहीतर भाजूच नको." ती म्हणाली, "तूच म्हणे ना अक्का, गॅसवरनं भरीत तुले गोड लागत नही." तिला हाताला धरून बसवता आलं असतं. मी बसून राहिले. भरीत झालं, मी खाल्लं, आणि ती भिंतीला टेकून तोंडाने हवा ओढत राहिली... त्यानंतर पाच आठवड्यांनी ती गेली.

दिवस होईपर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं, त्यामुळे गॅस सकाळपासून रात्रीपर्यंत जळत होता. तेराव्यानंतर पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडवीत गेले तर चूल पेटलेली, आणि पुढे सविता. तीच सविता. डोळे लाल, हातात सिंधूची लोखंडी फुंकणी. मी म्हटलं, "अगं, तू पण?" ती म्हणाली, "आंघोळीच्या पाण्याला गॅस कोण जाळतं, मोठी आई? एवढी वर्षभराची काडी रचून गेल्यात त्या, फेकून देऊ का?" माझ्याही मोरीत बरीच वर्षं बंब जळायचा, म्हणून जास्त बोलता आलं नाही. फुंकणी तिच्या हातातून घेतली, राख झटकली आणि पिशवीत घातली.

ती फुंकणी आता माझ्या ओट्याखाली आहे. माझी सून विचारते, हे लोखंड कशाला आणलं. फुंकणीचं एक टोक जळून काळं झालंय. दुसरं टोक, जिथे सिंधू ओठ लावायची, तिथे घासून घासून गुळगुळीत झालंय, चमकतं. मी ते कधी कधी पुसते. पुसायची गरज नसते... फुंकणी काही महाग वस्तू नाही, आठवडे बाजारात मिळते. सविताने एव्हाना दुसरी आणली असेल.