धागे न पुसणाऱ्या कमळावन्सं

मी खालापूरला माहेरी होते. सकाळी अंगणात तांदूळ पाखडत बसले होते, तेव्हा कर्जतहून आमचे घरमालक आले आणि दाराशीच उभे राहिले. वहाणा काढेनात. "कमळाताई गेल्या," एवढंच म्हणाले. तीन आठवड्यांचा विषमज्वर. ताप उतरला म्हणून तर मी दोन दिवसांसाठी माहेरी आले होते… याला आता दीड महिना झाला. भेटायला येणारं प्रत्येक माणूस उठताना म्हणतं, "एवढी शिकली, पण सगळं फुकट गेलं." हे वाक्य मी आता ऐकून घेणार नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

कमळावन्सं माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण. मुंबईच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकल्या आणि तिथल्याच प्रयोगशाळेत मुलांना सूक्ष्मदर्शकाखालची कामं दाखवायला लागल्या. लग्न करणार नाही म्हणाल्या तेव्हाही घरात झाला नाही एवढा गहजब पुढे एका चित्रापायी झाला. कांद्याच्या मुळाच्या टोकाशी एका पेशीच्या सारख्या दोन होत असतात. त्या वेळी आतली गुणसूत्रं, म्हणजे रंग दिल्यावर दिसणाऱ्या बारीक काड्या, मधोमध येतात. प्रत्येक काडी उभी चिरली जाते आणि तिचे दोन भाग दोन टोकांना जातात. एक जरी चुकीच्या बाजूला गेला तरी दोन्ही पेशी बिघडल्या. मग इतक्या काड्यांतली एकही चुकत कशी नाही? वन्संना काड्यांपासून टोकांपर्यंत गेलेले अगदी बारीक धागे दिसले. त्यांनी ते चित्रात काढले. त्यांच्या प्रोफेसरांचं म्हणणं, जिवंत पेशीत असं काही नसतं, मुळं बुडवतात त्या औषधात पेशी मरताना या रेघा उमटतात, त्या पुसून टाका. वन्संनी पुसल्या नाहीत. पुढच्या वर्षी त्यांना कामावर घेतलं नाही.

एक ट्रंक आणि जुना विकत घेतलेला सूक्ष्मदर्शक घेऊन त्या कर्जतला आमच्याकडे आल्या, मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या. ह्यांनी माफीचं पत्र लिहून आणलं, खाली सहीपुरती जागा सोडून. वन्संनी ते शांतपणे वाचलं.

"दादा, दिसलेलं पुसलं, तर उद्या न दिसलेलं काढायला सांगतील."

"चार रेघांसाठी आयुष्य घालवणार आहेस का?"

"हो," म्हणाल्या, आणि ताटं घ्यायला उठल्या.

मीही तेव्हा मनातून ह्यांच्याच बाजूची होते, हे कबूल करते. स्वयंपाकघरात स्पिरिटचा वास, ओट्यावर सूक्ष्मदर्शकाच्या काचा… कोणाला आवडेल? पण कळंबची भाजीवाली गोदाबाई आली त्या दिवसापासून माझंही लक्ष तिकडे लागलं. वन्संनी तिच्याकडे कांद्याचं सगळ्यांत जुनं बी मागितलं. "आवं ताई, ते तीन सालांचं हाय. नाय उगवायचं," गोदाबाई म्हणाली. "रोप नको गं मला, नुसतं मूळ फुटलं की झालं," वन्सं म्हणाल्या. जुनाट बियाण्यात कधी कधी गुणसूत्रं तुटतात, असं त्यांनी वाचलं होतं. त्यांना तुटलेलंच हवं होतं.

दोन वर्षं गेली. बरंचसं बी कुजलं. मग एका सकाळी त्यांनी हाक मारली, "वहिनी, पीठ राहू द्या. आधी इकडे या." मी हात पुसून डोळा लावला. काड्यांचे दोन झुबके दोन टोकांकडे निघाले होते. एकेक काडी एका ठिकाणी वाकलेली, कोणी चिमटीत धरून ओढावी तशी. आणि मधोमध एक तुकडा एकटाच पडला होता.

"हा का मागे राहिला हो?"

"धरायची जागा त्याच्यावर नाही. ती दुसऱ्या तुकड्याबरोबर गेली. ज्याला पकड आहे तो निघाला. औषधाने नुसत्या रेघा उमटल्या असत्या, तर हाच का राहिला असता?"

त्यांनी प्रोफेसरांना कळवलं. ते खरंच कर्जतला आले, आणि याचं श्रेय मी त्यांना देते. तासभर एकेक काच बघत बसले. शेवटी म्हणाले, "मुलांना धागे काढू देईन, पण तुटक रेघेनं." वन्संनी त्यांच्यापुढे चहा ठेवला. "सर, तुटक रेघ शंकेची असते. मला शंका नाही." ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. परत बोलावणं मात्र आलं नाही. वन्संनी आपली टिपणं दोन नियतकालिकांकडे धाडली. कोणत्या संस्थेतर्फे, असं दोघांनीही विचारलं. त्यांनी उत्तर दिलं, "स्वतःतर्फे." दोन्हीकडून कागद परत आले. आठवडाभर त्यांनी सूक्ष्मदर्शकावरचं फडकं काढलं नाही. त्यानंतर शाळेतल्या मुलींना चार-चार करून घरी बोलवायला लागल्या. त्यांतली एक यंदा मुंबईला तोच विषय शिकायला गेली आहे. याला फुकट म्हणणाऱ्यांनी माझ्यासमोर बसून म्हणावं.

तेरावा झाल्यावर वन्संचं सूक्ष्मदर्शकाचं टेबल खिडकीजवळून हलवायचं ठरत होतं. मी हलवू दिलं नाही. आता रोज सकाळी पेल्यातल्या पाण्यावर कांदा मी ठेवते, कोवळी मुळं मीच कापते. हात अजून जड आहे, चारांतल्या तीन काचा बिघडतात. गेल्या रविवारी हे मागे येऊन उभे राहिले. "मला दिसेल का?" मी बाजूला झाले. त्यांनी वाकून डोळा लावला.

"धागे दिसत नाहीत," ते म्हणाले.

"या काचेत नाहीत दिसत. काड्या कुठे वाकल्यात ते बघा."

डोळा न काढता त्यांनी एका हाताने खुर्ची चाचपली, पुढे ओढली आणि बसले.